सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी प्लग

प्रश्न: घरच्या वर्कशॉपसाठी एका गृहस्थांकडून जुना एअर कॉम्प्रेसर घेतला. ‘टाकी एकदम ठणठणीत’ असं त्यांनी मेसेजमध्ये लिहिलं होतं. प्रेशर धरेना म्हणून मेकॅनिककडे दिला. त्याने पिस्टन रिंगा बदलल्या, टाकीच्या तळाचं छिद्र वेल्डिंगने बुजवलं आणि गळका सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग ठोकला. आता म्हणतो, ‘आधी बिल भरा, मग मशीन न्या. जुन्या मालाची गॅरंटी नसते.’

उत्तर: पैशांचं नंतर बघू. मशीन हातात आलं तरी ते कृपा करून चालू करू नका. टाकीत साठणाऱ्या पाण्याने तळ आतून गंजतो, त्यामुळे छिद्राच्या आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असू शकतो. त्यात प्रेशर भरल्यावर मोटर बंद करणारा प्रेशर स्विच अडकला, तर जादा हवा सोडणारा व्हॉल्व्हच जागेवर नाही. टाकी फुटली तर जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेतेल.

मशीन अडवून ठेवायचा हक्क मेकॅनिकला आहे का? भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे आहे, पण वेगळं ठरलेलं नसेल तर, नीट केलेल्या कामापुरता आणि त्याच कामाच्या मजुरीसाठी. प्लग ठोकणं म्हणजे नीट काम, असं मी तरी मानणार नाही. तरीही अडून बसण्यापेक्षा ‘हक्क राखून रक्कम देत आहे’ असं लेखी कळवून बिल भरा आणि मशीन सोडवा. बिलात प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या. काढलेला व्हॉल्व्ह मागून घ्या, प्लगचे आणि वेल्डिंगचे जवळून फोटो काढा. तुमची केस याच पुराव्यावर उभी राहील.

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ‘सेवा’ आहे. टाकी मुळात गंजली याचा दोष मेकॅनिकवर टाकता येणार नाही, व्हॉल्व्ह बंद केल्याचा मात्र नक्की येईल. आधी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता तिथल्या आयोगातही ती करता येते.

विकणारे गृहस्थ व्यापारी नसतील, तर त्यांच्याविरुद्ध हाच मार्ग कठीण. पण छिद्र माहीत असून त्यांनी ‘ठणठणीत’ लिहिलं असेल, तर ती करार कायद्याच्या कलम 17 खाली फसवणूक ठरते आणि व्यवहार रद्द करून पैसे मागता येतात. तो मेसेज डिलीट करू नका. सगळं कळल्यावरही मशीन वापरत राहिलात, तर व्यवहार तुम्ही मान्य केला असा अर्थ निघेल.

आणि वैतागून हे मशीन दुसऱ्याला विकणार असाल, तर टाकी आणि व्हॉल्व्हची हकिकत त्याला लेखी सांगूनच विका.