गोव्यात राहून हाताने कलेक्टिबल टेडी बेअर बनवण्याचा छंद करता येईल का? सामान कुठे मिळतं, विकले जातात का? शेवटी टेडीच तर आहे, यूट्यूबवर बघून जमेल ना?

जमेल. पण "शेवटी टेडीच तर आहे" हे वाक्य प्रश्नात नसतं, तर सामान कुठे मिळतं ते चार ओळींत सांगून मी मोकळा झालो असतो. हेच वाक्य मी दर चवथीला आमच्या घरच्या पंगतीत ऐकतो, माझ्या भावोजींच्या तोंडून. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून जे बोलायचं राहतं, ते आज इथे लिहितो.

आधी सामान. मोहेअर म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचं, सुती पाठीवर विणलेलं लवदार कापड. डिचोली, म्हापसा, मडगाव इथल्या कापडाच्या दुकानांत मला ते कधी दिसलं नाही. जर्मनीत ड्युइसबुर्गला शुल्टे नावाची जुनी गिरणी आहे, तिचं कापड टेडी करणाऱ्यांमध्ये नावाजलेलं आहे. ते ऑनलाइनच मागवावं लागतं. पन्नास बाय सत्तर सेंटिमीटरच्या तुकड्यात पस्तीस सेंटिमीटर उंचीचं एक अस्वल होतं. कुरिअर आणि कस्टम जड जातं, म्हणून दोघातिघांनी मिळून मागवावं. आपल्या बाजारात फर म्हणून जे मिळतं त्याची पाठ बहुतेक वेळा होजिअरीसारखी ताणते. कापूस ठासून भरला की डोकं भोपळ्यासारखं फुगतं. तेच वापरायचं असेल तर आतून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवून घ्या.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं अस्वल घोंगडीचं करा. धनगरी काळी घोंगडी, जुनी असेल तर उत्तम. ती ताणत नाही, ठासून भरलं तरी आकार सोडत नाही, आणि वाया गेली तरी हळहळ वाटत नाही. कडा उसवतात, त्यामुळे कापण्याआधी रेषेच्या बाहेरून एकदा मशीन फिरवून घ्या. मोहेअरला हात लावाल तेव्हा कात्रीचं फक्त टोक वापरा आणि पाठीचं कापड तेवढंच कापा. लव कापली गेली तर शिवणीवर टक्कल दिसतं. प्रत्येक तुकड्यावर लवीच्या दिशेचा बाण काढा. उजवा आणि डावा तुकडा आरशातल्यासारखे एकमेकांच्या उलटे काढायचे असतात, हे विसरू नका.

डोकं आणि हातपाय फिरावेत म्हणून सांध्यांत चकत्या आणि पिना बसवतात, त्यांच्यासाठी महागडे संच मागवू नका. मुलांचं परीक्षेचं पॅड हार्डबोर्डचं असतं. सुताराकडून त्यातून चकत्या काढून घ्या आणि त्यांना वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर आपल्या पावसात त्या फुगतात. स्प्लिट पिन हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पण स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. साध्या लोखंडी पिनेला दोन पावसाळ्यांत गंज चढतो आणि मानेभोवती तांबूस डाग उठतो. लांब सुई गादीवाल्याकडे, आरी चांभाराकडे. काचेचे डोळे आत ओढून बांधायला जाळी विणण्याचा नायलॉनचा दोरा मी वापरतो. मासेमारीचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो. त्याची गाठ सरकते, ती तीनदा मारा.

भरायला सावरीचा कापूस. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. जुन्या इंग्रजी टेडींमध्ये कपोक नावाच्या झाडाचा कापूस भरलेला असतो, आणि आपली काटेसावर त्याच कुळातली आहे. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटतात तेव्हा गोळा करा, सरकी वेचून काढा, काम करताना नाकावर रुमाल बांधा. पॉलिएस्टरचं अस्वल हातात घेतलं की उशी धरल्यासारखं वाटतं. सावरीचं अस्वल हातात बसतं. पोटात वजन हवं तर काचेचे बारीक मणी कापडी पुरचुंडीत शिवून घाला. सायकलचे छर्रे घालायला लोक सांगतील, पण ते आपल्या हवेत गंजतात.

आता यूट्यूब. शिवण, सांधे, पाठ बंद करायचा टाका हे सगळं तिथे नीट शिकता येतं. डोकं मात्र हातानेच कळतं. नाकाड इतकं घट्ट भरायचं की अंगठा रुतता कामा नये, कारण त्यावर नाकाचे टाके बसणार असतात आणि भराव मऊ असला की नाक आत ओढलं जातं. डोळे थोडे वर गेले तर अस्वल बावरलेलं दिसतं, थोडे खाली आणि जवळ आले तर समजूतदार दिसतं. मी बांधण्याआधी टाचण्या लावून डोकं एक रात्र समोर ठेवतो. आणि मग तोंड. माझं आणि भावोजींचं भांडण या तोंडावरूनच आहे.

सत्तरी तालुक्यात माझ्या मामाचं गाव म्हादई अभयारण्याच्या कडेला आहे. गोव्यात अस्वल आहे असं पणजीत सांगितलं की लोक हसतात. म्हादई, नेत्रावळी आणि भगवान महावीर या तिन्ही अभयारण्यांत ते आहे. मामाबरोबर रानात जायचो तेव्हा अस्वलाने उकरलेली वारुळं आम्ही पाहिली आहेत. आपलं अस्वल अमेरिकेतल्या अस्वलासारखं गुबगुबीत दिसत नाही. अंगावर लांब काळे विस्कटलेले केस, फिकट लांब नाकाड, वाळवी ओढून घ्यायला सैल ओठ, छातीवर पिवळट-पांढरा पट्टा आणि आकड्यासारखी वाकडी नखं. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते.

ती मादी मला करायची होती. दुकानात मिळणारं प्रत्येक टेडी मधाच्या रंगाचं आणि गळ्यात लाल रिबीन घातलेलं असतं, आणि आपल्या रानातल्या जनावराला कुणी हात लावत नाही, याचा मला राग होता. लांब लवीचं काळं मोहेअर मागवलं. नाकाडासाठी फिकट तुकडा वेगळा घेतला आणि लव कातरीने उतरती केली, म्हणजे डोळ्यांकडे लांब आणि नाकाकडे अगदी आखूड. छातीचा पट्टा वरून न चिकटवता शरीराच्या तुकड्यातच जोडून शिवला. खालचा ओठ मऊ कातड्याचा, जरा पुढे आलेला. पिल्लाचे पुढचे पंजे आईच्या मानेच्या केसांत गुंतवून आतून टाके घातले. त्या कामात अख्खा उन्हाळा गेला. तोंडाला एकच सरळ, शांत टाका होता. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती.

भावोजी म्हणाले, किनाऱ्याकडे त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं भेटवस्तूंचं दुकान आहे, तिथे ठेवून बघू. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकाने पाहिलं, म्हणाला, काम छान आहे, पण काळं अस्वल कोण घेणार? एक फिकट करा, हसरं करा, अंगात गोवा लिहिलेला टीशर्ट घाला, मी डझनाने घेतो. मी म्हटलं, हे आहे तसं ठेवायचं असेल तर ठेवा. त्याने ठेवलं. पावसाळ्यानंतर पर्यटक येतील, तेव्हा बघू असं ठरलं.

नोव्हेंबरात मी बघायला गेलो. फळीवर माझी मादी होती, पण ती माझी राहिली नव्हती. तोंडाचा टाका उसवून त्याजागी लाल रेशमाने कानापर्यंत हसू भरलेलं होतं. ते नीट दिसावं म्हणून नाकाडाच्या दोन्ही बाजूंची लव कात्रीने सपाट केली होती. पिल्लाच्या गळ्यात रिबीन होती. मालकाने तोंडभर हसून सांगितलं, आमच्या शिंप्याकडून करून घेतलं, आता बघा कसं उठतं.

मोहेअरची लव कापली की पुन्हा वाढत नाही. टाके उसवता येतात, पण कापलेल्या केसांना इलाज नाही. मी अस्वल उचललं आणि घरी आलो. डोकं सांध्यातून काढलं, नवं डोकं केलं. आधीचं डोकं बऱ्यापैकी पिल्लाकडे वळलेलं होतं, तसं दुसऱ्यांदा आलं नाही.

त्यानंतरच्या चवथीपासून पंगतीत भावोजींचा तोच प्रश्न: "अस्वलाला हसवायला तुझं काय जातं रे? विकलं गेलं असतं ना! शेवटी टेडीच तर आहे."

भावोजी, माझं काय जातं ते ऐका. १९०२ मध्ये मिसिसिपीत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ 'टेडी' रूझवेल्टने बांधून घातलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, क्लिफर्ड बेरीमनने त्याचं व्यंगचित्र काढलं आणि ब्रुकलिनच्या मॉरिस मिचटमने 'टेडीज बेअर' विकायला ठेवलं, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच सुमाराला जर्मनीत गिंगेनला रिचर्ड श्टाइफ जे अस्वल करत होता, त्याची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तो श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून खऱ्या अस्वलांची रेखाटनं करायचा. त्याच्या अस्वलाला लांब नाकाड होतं, पाठीला कुबड होतं, हात लांब होते आणि हातपाय फिरत होते. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याचे ३००० नग मागितले. ते अस्वल हसत नव्हतं. त्या काळातली अस्वलं आज लिलावात जातात: १९०४ च्या सुमाराचं 'टेडी गर्ल' नावाचं श्टाइफचं अस्वल १९९४ साली लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात १,१०,००० पौंडांना गेलं. एका माणसाजवळ आयुष्यभर राहिलेल्या त्या अस्वलाच्या चेहऱ्यावर कुणी लाल हसू भरलं असतं, तर ते कोण घेणार होतं?

हसू भरलं की अस्वलाला एकच भाव उरतो. माणूस दुःखात असताना ते हसतं, आणि रात्री ताप चढलेल्या पोरासमोरही ते हसतच राहतं. सरळ टाक्याचं तोंड बघणाऱ्याच्या मनाबरोबर बदलतं. ज्यांनी आयुष्यभर अस्वलं जमवली आहेत ते आधी चेहराच बघतात, आणि असाच चेहरा शोधतात. हे मी मनाने रचून सांगत नाही, ज्यांनी माझी अस्वलं घेतली त्यांनी निवडताना काय पाहिलं ते मी पाहिलं आहे.

म्हणून विकण्याबद्दल माझं मत सरळ आहे. दुकानात विश्वासावर माल ठेवू नका. ठेवायचाच असेल तर लिहून घ्या की वस्तूत बदल करायचा नाही, आणि देताना चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पाठीच्या शिवणीत आपल्या नावाची आणि वर्षाची पट्टी शिवा. भाव ठरवताना सामानाचा खर्च धरा आणि लागलेल्या तासांना गावातल्या चांगल्या शिंप्याची मजुरी लावा. तो आकडा ऐकून कुणी म्हणेल की म्हापशाच्या बाजारात टेडी चारशेला मिळतं. त्याला म्हापशाचा रस्ता दाखवा. किंमत कमी करू नका. एकदा कमी केलीत की पुढचं अस्वल करताना तुम्हीच नकळत घाई करू लागता. विकले जातात, पण हळू जातात. नोकरी सोडून हे करायचा विचार असेल तर करू नका.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मोहेअर म्हणजे केस, त्यामुळे त्याला कसर लागते. शंका आली तर अस्वल प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी घरच्या तापमानाला येऊ द्या. डांबरगोळ्यांचा वास कापडातून जात नाही, त्या टाळा. पावसाळ्यात बंद कपाटात कोंबून ठेवलंत तर बुरशी नक्की येते. आमच्याकडे ती आषाढातच सुरू होते.

आणि कायद्याचं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तर विकायचं असेल तेव्हा ती नोंदणी करून घ्या. तुमची अस्वलं मोठ्यांच्या संग्रहासाठी असतील तर तसं पट्टीवर स्पष्ट लिहा. काचेचे डोळे आणि पोटातले मणी लहान मुलाच्या हाती कधीच देऊ नका. डोळा निघाला तर तो थेट तोंडात जातो.

लहान मुलासाठी करायचं तर डोळे दोऱ्याने भरायचे, सांध्यांत पिना नकोत, हातपाय थेट शिवून टाकायचे. माझ्या भाचीला मी तसंच एक करून दिलं आहे, घोंगडीचं, काळं, छातीवर पट्टा असलेलं. तोंडाला एकच सरळ टाका. ती त्याच्याशिवाय झोपत नाही. अस्वलाने हसायला हवं होतं का, हे भावोजींनी आता तिलाच विचारावं.