पैसे लावा, पण चुकल्यानंतरच्या दिवसावर

"मॅडम, स्वतःला पैसे देऊन व्यायाम करवून घ्यायचा, हे लाच दिल्यासारखं नाही का?" शब्द बदलतात, प्रश्न तोच असतो. कुणी जिमची वर्षाची फी आगाऊ भरलेली असते आणि पावती ड्रॉवरमध्ये पडून असते. कुणाच्या कंपनीने पावलं मोजणारा पट्टा दिलेला असतो. बक्षिसाची मुदत संपते आणि चालणंही संपतं. कुणी घरातल्याच माणसाशी पैज लावून हरलेलं असतं. सगळ्यांच्या मनात एकच शंका: पैशाने लागलेली सवय पैशाबरोबर जाणारच असेल, तर एवढा खटाटोप कशाला?

शंका रास्त आहे. पण पैसे द्यावेत की नाही, इथे अडून बसलं की पुढचा आणि खरा प्रश्न राहून जातो. पैसे नेमक्या कोणत्या कृतीवर लावले होते? हे विचारलं की बहुतेकांची योजना पाच मिनिटांत उलगडते आणि ती कुठे फाटली तेही दिसतं. एका बाईंच्या अनुभवातून ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

बाई चाळिशी ओलांडलेल्या. दिवसभर बैठं काम, रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालायला सांगितलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी 150 ते 300 मिनिटं दिलेली आहेत, त्यातली ही खालची मर्यादा. त्यांनी घरीच योजना आखली होती. आठवड्यातून पाच दिवस, रोज 30 मिनिटं. पाचही दिवस झाले तर नवरा ठरलेली रक्कम देणार, एकही चुकला तर त्या आठवड्याचं काही नाही. तीन आठवडे उत्तम गेले, मग सगळं थांबलं. त्या आल्या त्या "माझ्यात जिद्दच नाही" असं म्हणत.

"चौथ्या आठवड्यात काय झालं?" मी विचारलं.

"मंगळवारी कामावरून यायला उशीर झाला. नाही गेले."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी कशाला जाऊ? आठवडा तर गेलाच होता."

"गुरुवारी?"

"म्हटलं, आता सोमवारपासून नव्याने सुरू करू." मग थोडं थांबून, "सोमवारी पाऊस होता."

या तीन उत्तरांत सगळं आलं. मंगळवारचा नागा कुणाचाही होतो. बुधवारी मात्र त्यांच्याच नियमाने त्यांना सांगितलं होतं की आज जाण्याला काही किंमत नाही. पाचपैकी पाचची अट असेल तर पहिल्या चुकीनंतर उरलेल्या दिवसांचं मोल शून्य होतं. नियमच असा असेल तर घरी बसणं हा अगदी शहाणपणाचा निर्णय ठरतो. जिद्द वगैरे कुठे कमी नव्हती.

मी हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं. सोमवार ते शुक्रवार पाच चौकोन काढले, मंगळवारवर फुली मारली आणि विचारलं, "आता बुधवारी गेलात तर तुम्हाला काय मिळणार होतं?" त्या बराच वेळ चौकोनांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी नव्हते. मी हिशोब बरोबर केला होता."

अशा क्षणासाठी हे काम करावंसं वाटतं. माझा कल पहिल्यापासून वर्तनाकडे बघण्याचा आहे. इच्छाशक्ती, जिद्द, मनोबल या शब्दांनी माणूस स्वतःला दोष देतो, पण पुढचं पाऊल काय टाकायचं ते त्याला कळत नाही. कोणत्या कृतीनंतर काय घडतं ते बघितलं की पाऊल दिसतं. म्हणून मी नेहमी एक प्रश्न हमखास विचारते: चुकलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी काय केलंत? या प्रश्नाने मला क्वचितच रिकाम्या हाती परत पाठवलं आहे.

संशोधनही इथेच बोट ठेवतं. 2021 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक प्रचंड मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका जिम साखळीचे 61 हजारांहून अधिक सदस्य, चार-चार आठवड्यांचे 54 वेगवेगळे कार्यक्रम. सगळ्यात वर आला तो कार्यक्रम साधा होता: ठरलेला व्यायाम चुकल्यानंतर जो परत येईल त्याला जास्तीचे गुण. त्या गुणांची किंमत होती फक्त 9 सेंट. एवढ्याशा रकमेने कुणाची मिळकत वाढत नाही. तिचं काम एवढंच की चुकल्यानंतरचा दिवसही मोजला जातो, हे माणसाला कळावं. त्याच प्रयोगातली दुसरी बाजूही लक्षात ठेवा: कार्यक्रम संपल्यावर मोजता येईल असा परिणाम 8 टक्के कार्यक्रमांचाच टिकला. म्हणजे पैसे थांबल्यानंतरची व्यवस्था आधीच ठरवावी लागते. तिच्याकडे पुढे येते.

आम्ही बाईंची योजना नव्याने बांधली. आधी कृती ठरवली. "वजन कमी झालं तर" हे पहिल्यांदा खोडलं. पाणी, मीठ, मासिक पाळी यांमुळे वजन दोन-तीन दिवसांत किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. त्यावर पैसे लावले तर नीट चाललेल्या आठवड्यातही शिक्षा मिळते. पावलांची संख्याही बाजूला ठेवली, कारण घरात नुसता हात हलवूनही पट्ट्यावर आकडा चढतो. कृती ठरली ती अशी: बूट घालून घराबाहेर पडायचं आणि 25 मिनिटं भरभर चालायचं. भरभर म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. होय, 150 ऐवजी 100 मिनिटांपासून सुरुवात. मिनिटं मागाहून वाढवता येतात, पण पहिल्या महिन्यात मोडलेली घडी परत बसवणं अवघड जातं.

वेळेच्या बाबतीत एक सल्ला सगळे देतात: रोज एकच वेळ पक्की करा. गूगलच्या 2,500 कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात याच्या उलट दिसलं. काहींना स्वतः निवडलेल्या दोन तासांतच जिमला गेलं तर पैसे, काहींना केव्हाही गेलं तरी पैसे. पैसे थांबल्यावर दुसरा गट जास्त टिकला. पहिल्या गटाला ठरलेली वेळ हुकली की दिवसच हुकल्यासारखं झालं. म्हणून बाईंनी सकाळची वेळ मुख्य ठेवली आणि रात्रीच्या जेवणाआधीची राखीव.

मग पैसे. आठ आठवड्यांची पूर्ण रक्कम त्यांनी आधीच बाजूला काढली, नवऱ्याच्या नव्हे तर स्वतःच्या पगारातून. रक्कम किती? गेली तर चुटपुट लागावी, पण महिन्याचं गणित बिघडू नये. आधी बाजूला काढण्याला कारण आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 281 कर्मचाऱ्यांवर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज 7,000 पावलांचं उद्दिष्ट होतं. उद्दिष्ट गाठल्यावर रोज 1.40 डॉलर मिळणाऱ्यांचा परिणाम काहीच न मिळणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. ज्यांच्या नावावर महिन्याचे 42 डॉलर आधीच जमा करून चुकलेल्या दिवसाचे 1.40 कापले, त्यांनी 45 टक्के दिवस उद्दिष्ट गाठलं. काहीच न मिळणाऱ्यांनी 30 टक्के. पैसे तेवढेच, पण जे आपलं झालं ते जाताना जास्त टोचतं.

आठ पाकिटं, आठवड्याला एक. प्रत्येक पाकिटाचे दोन भाग. पहिल्या अर्ध्याचे चार हिस्से, प्रत्येक चालण्यामागे एक. दुसरा अर्धा पूर्ण परतण्यावर: ठरलेले लागोपाठ दोन दिवस चुकले तरच तो जाणार.

बाईंनी लगेच पकडलं. "मग परत येण्याचे पैसे मिळवायला मी मुद्दाम एक दिवस चुकवला तर?"

"एकही दिवस न चुकवता दुसरा अर्धा मिळतोच. चुकवलात तर पहिल्या अर्ध्यातला एक हिस्सा जाईल. फायदा कुठे झाला?"

त्यांनी बोटांवर मोजून बघितलं आणि मान डोलावली. हे इथे मुद्दाम लिहिते आहे. 'परतल्यावर बक्षीस' एवढंच ऐकून योजना आखली तर चुकण्यालाच बक्षीस मिळतं. नियम 'लागोपाठ दोन नागे नाहीत' असाच ठेवा.

गेलेले पैसे कुठे जाणार, हाही प्रश्न नाजूक असतो. घरखर्चात गेले तर काही गेलं असं वाटतच नाही. आवडत्या संस्थेला गेले तर "चांगल्या कामाला लागले" म्हणून मन शांत होतं. तिटकारा असलेल्या संस्थेला देण्याची कल्पना काही जण वापरतात, बाई म्हणाल्या, "मग मी खोटं सांगेन." इतक्या प्रामाणिक उत्तरापुढे ती कल्पना तिथेच सोडली. शिक्षा फार जड झाली की माणूस योजना तरी सोडतो नाहीतर हिशोब तरी लपवतो. त्यांनी एक संस्था निवडली जिच्याशी ना प्रेम ना वैर, आणि पैसे शनिवारी रात्रीच पाठवायचे ठरवलं. पुढच्या आठवड्यावर ढकललं की ते कधीच जात नाहीत.

पंच म्हणून नवरा नको, हे माझं स्पष्ट मत होतं. ते भेटीला आले तेव्हा म्हणाले, "मी फक्त आठवण करतो हो." बाई म्हणाल्या, "तुम्ही आठवण केलीत की मला जावंसंच वाटत नाही." दोघंही खरं बोलत होते. जोडीदार पंच झाला की एक तर दया दाखवतो नाहीतर पाळत ठेवतो, आणि दोन्हींत चालण्यापेक्षा संसारच चर्चेत येतो. पंच झाली एक मैत्रीण. तिचं काम आठवड्यातून एकदा नोंद बघून 'हो' किंवा 'नाही' म्हणणं. सल्ला नाही, समजूत घालणं नाही. सवलतीही आधीच लिहून ठेवल्या: ताप, प्रवास, डॉक्टरांची मनाई. सवलत हवी असेल तर त्या दिवशीच्या वेळेआधी कळवायची. नंतर सुचलेलं कारण धरायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा गुरुवार चुकला. शनिवारी सकाळीही चुकला. संध्याकाळी सात वाजता त्यांनी बूट घातले. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "पैशांसाठीच गेले हो मी." अगदी ओशाळून. मी म्हटलं, "पायांना कुठे कळलं कशासाठी ते?" त्या मनापासून हसल्या आणि मग म्हणाल्या, "पण नागा पडल्यावर परत गेले, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं." माझ्या मते त्यांचं खरं वळण हेच. न चुकता व्यायाम करणं ही एक गोष्ट. चुकल्यावर परत जाता येणं ही वेगळी शिकण्याची गोष्ट आहे, आणि वर्षानुवर्षं टिकतात ती माणसं ही दुसरी गोष्ट शिकलेली असतात.

आता पैसे थांबवण्याबद्दल. दोन्ही अर्धे एकदम बंद करू नका. आठ आठवड्यांनी बाईंचा रोजचा हिस्सा बंद केला. तोवर झोप सुधारली होती, वाटेत भेटणाऱ्या दोघी-तिघी सोबतीला होत्या, आठवड्याची मिनिटंही 150 वर आली होती. परतण्याचा हिस्सा आणखी आठ आठवडे ठेवला, कारण नागा पडल्यावर झोप आणि सोबत हाक मारायला येत नाहीत. मग तोही बंद. मोठा खंड पडणार हे दिसत असेल, म्हणजे लांबची सुट्टी, आजारपण, घरातलं कार्य, तर त्यानंतरच्या दोन आठवड्यांसाठी तो पुन्हा सुरू करायचा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवरच्या एका अभ्यासात पैशाने वाढलेलं जिमला जाणं हिवाळ्याच्या सुट्टीनंतर बरंचसं ओसरलं होतं. उलट एका मोठ्या अमेरिकी कंपनीत, बक्षिसाचे चार आठवडे संपल्यावर कर्मचाऱ्यांना स्वतःचे पैसे अडकवण्याची सोय दिली. अट एवढीच की जिमला सलग 14 दिवसांहून जास्त खंड पडायला नको. तिथला परिणाम जास्त काळ टिकला.

काही जणांना मी ही योजना सुचवत नाही. चालताना छातीत दुखतं, चक्कर येते किंवा दम फार लागतो, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं. खाण्याशी किंवा वजनाशी झगडा चालू आहे, व्यायाम चुकला की ज्यांना अपराधी वाटून जेवण टाळावंसं वाटतं, त्यांच्या हातात आणखी एक दंड देऊ नये. डोक्यावर कर्ज आहे त्यांनी पैशांऐवजी आवडती मालिका फक्त चालतानाच ऐकायची किंवा बघायची असा नियम करून बघावा.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारलं, "आता मुलालाही असंच लावू का? तो रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतो, पण अजून थोडा खेळला तर बरं." इथे मी ठाम नाही म्हटलं. 1973 सालचा बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग आहे: ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांना बक्षिसाचं आधी सांगून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं पेनांकडे कमी वळली. जिमच्या अभ्यासांतही पैशाचा उपयोग मुख्यतः आधी न जाणाऱ्यांनाच झालेला दिसतो. जो आपणहून खेळतो आहे, त्याच्या खेळण्याला भाव लावू नका. खर्चच करायचा असेल तर अडथळ्यांवर करा: बूट लहान झाले असतील तर नवे घ्या, मैदान लांब असेल तर जाण्यायेण्याची सोय करा, शिकवणीची वेळ खेळाच्या वेळेवर येत असेल तर ती बदलून घ्या.