टीम लीडर झालोय, पण निर्णय घेताना गोंधळ होतो. निर्णयक्षमता कशी वाढवावी?

एक सवय लावा: निकालावरून निर्णय जोखायचा नाही.

2007 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल आठवा. पाकिस्तानला शेवटच्या षटकात 13 धावा हव्या होत्या. धोनीने अनुभवी हरभजनऐवजी जोगिंदर शर्माला चेंडू दिला. पहिलाच वाइड, मग एक निर्धाव, मग मिस्बाहचा षटकार. पुढच्या चेंडूवर मिस्बाहचा स्कूप श्रीशांतच्या हातात, आणि भारत 5 धावांनी जिंकला. तोच फटका चार हात पुढे पडला असता तर धोनीला मूर्ख ठरवायला आपणच पुढे असतो! निर्णय मात्र तोच राहिला असता. त्यामागे कारणं होती: हरभजनला मिस्बाहने आधीच एका षटकात तीन षटकार मारले होते आणि सेमीफायनलचं शेवटचं षटक जोगिंदरनेच टाकलं होतं.

म्हणून एक साधी वही ठेवा. मोठा निर्णय घेताना तारीख, तेव्हा हाताशी असलेली माहिती, नाकारलेला पर्याय आणि काय होईल असं वाटतं, एवढं चार ओळींत लिहा. निकाल लागायच्या आधी, हे महत्त्वाचं. नंतर ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला सगळेच मोकळे. सहा महिन्यांनी वाचलंत की आपण कुठे घाई करतो, कुणाचं उगाच ऐकतो, ते दिसायला लागतं.

आणि मीटिंगमध्ये स्वतःचं मत शेवटी सांगा. साहेब आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. किरकोळ गोष्टींवर मात्र फार डोकं शिणवू नका, बदलता येणारे निर्णय पटकन घेऊन टाका.