पाव गोळीचा हिशेब

मनाचा दवाखाना : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या महिन्याच्या टपालात घाबरटपणाच्या आणि झोपेच्या गोळ्यांवरची पत्रं बरीच होती. त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे. ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे बदलले आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय 47. सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरी बिड्या वळते. मालक टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत. कोरोनात सासूबाई गेल्या, तेव्हापासून छातीत धडधड, जीव घाबरा होणं, रात्र रात्र जागं राहणं सुरू झालं. आमच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम 0.25 रात्री घ्यायला सांगितली, थोड्या दिवसांसाठी. बरं वाटलं म्हणून मी त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत गेले. आता सकाळी 0.25 आणि रात्री 0.5 लागते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, आधी मुलानं मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "आई, ही नशेची गोळी आहे, आजपासून बंद." मी केली बंद. दुसऱ्याच दिवशी हात थरथरायला लागले, पानात तंबाखू ठरेना. लूमचा खडखडाट जन्मापासून ऐकते, तो सहन होईना. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतून घामाघूम होऊन अर्ध्यातून घरी आले. शेवटी गोळी घेतली आणि तासाभरात सगळं शांत. आता शेजारीण म्हणते, तुला व्यसन लागलंय. मुलगा धड बोलत नाही. मला खरंच सोडायची आहे. कशी सोडू? – एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मुलाला हे पान वाचायला द्या. त्याची काळजी खरी आहे, पण "आजपासून बंद" हा सल्ला या गोळीच्या बाबतीत धोक्याचा आहे. रोज, बरेच महिने घेतलेली अल्प्राझोलाम एकदम थांबवली तर काही जणांना फिट येते, भ्रम होतो. तुमचं हात थरथरण्यावर निभावलं. पुन्हा अशी परीक्षा घेऊ नका.

शेजारणीच्या शब्दाबद्दल बोलायचं तर, व्यसनी माणूस गोळीच्या मागे धावतो, संसार-काम बाजूला टाकतो. तुम्ही सकाळी बिड्या वळता, रात्री घर आवरता आणि गोळीपासून सुटका मागता. तुमच्या शरीराला गोळीची सवय झाली आहे, एवढंच. आपल्या मेंदूत उत्तेजना शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं त्याचा जोर वाढवतात. रोजचा हा बाहेरून आलेला जोर मेंदू गृहीत धरतो आणि स्वतःची यंत्रणा त्या मानानं मंद करून घेतो. गोळी अचानक गेली की शांत करणारं कमी आणि पेटवणारं जास्त, अशी अवस्था होते. लूमचा आवाज वाढला नव्हता, तो अडवणारं काही उरलं नव्हतं. मेंदूला पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ मिळावा म्हणूनच डोस हळूहळू उतरवतात.

या गटातलं पहिलं औषध 1960 मध्ये बाजारात आलं, डायझेपाम 1963 मध्ये. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट द्यायचे, त्यांचा जास्त डोस सहज जीव घ्यायचा. त्या मानानं ही औषधं खूप सुरक्षित वाटली आणि डॉक्टरांनी ती सढळ हातानं लिहिली. त्यांची सवय किती घट्ट बसते, हे पुढे कळत गेलं. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या सगळ्या गटाच्या माहितीपत्रकावर सवयीचा आणि अचानक बंद करण्याचा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला. आपल्याकडे अल्प्राझोलाम शेड्यूल एच वन या कडक देखरेखीच्या औषधांच्या यादीत आहे. 1 मार्च 2014 पासून हा नियम लागू आहे : पाकिटावर लाल चौकट, चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदारानं रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये नोंदवून ते तीन वर्षं जपायचं. जुन्या मळक्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं पाकिटं देणाऱ्यांना हे माहीत असतं. असो.

आता हिशेब. ढोबळ नियम असा की दर दोन ते चार आठवड्यांनी, त्या वेळी जो डोस चालू असेल त्याच्या 5 ते 10 टक्के कमी करायचे, आणि कितीही बरं वाटलं तरी दोन आठवड्यांत 25 टक्क्यांहून जास्त नाही. तुमचा रोजचा डोस 0.75 मि.ग्रॅ. त्याचे 10 टक्के म्हणजे 0.075. एवढा तुकडा कोणत्याही सुरीनं पडत नाही. दुकानात सगळ्यात लहान गोळी 0.25 ची, तिची अर्धी 0.125, म्हणजे तुमच्या रात्रीच्या 0.5 च्या गोळीचा पाव भाग. 0.75 मधून हा तुकडा काढला तर सहावा हिस्सा कमी झाला. थोडी मोठी पायरी आहे, पण बऱ्याच जणांना झेपते. पुढे 0.25 वर आल्यावर तोच तुकडा काढाल, तर एका झटक्यात निम्मा डोस गेला! "बाकी सगळं सुटलं मॅडम, ही शेवटची एवढीशीच सुटत नाही," असं सांगणारे पेशंट मला सतत भेटतात. त्यांना वाटतं मन कमकुवत आहे. तसं काही नसतं. शेवटचा तुकडा दिसायला लहान असला तरी हिशेबात सगळ्यात मोठा असतो. म्हणून उतरणीचा शेवट सुरुवातीपेक्षा सावकाश करायचा.

यावर डॉक्टरांकडे एक उपाय असतो. अल्प्राझोलामचा रक्तातला निम्मा अंश साधारण अकरा-बारा तासांत निघून जातो. त्यामुळे दोन डोसांच्या मध्येही काहींना बेचैनी येते. दुपारी चारच्या सुमाराला विनाकारण धडधडतं, असं तुमचं होतं का, ते डॉक्टरांना सांगा. डायझेपाम याच्या कितीतरी पट सावकाश उतरतं. म्हणून कधी कधी अल्प्राझोलामच्या जागी टप्प्याटप्प्यानं डायझेपाम आणतात आणि मग ते कमी करतात. साधारण 0.5 अल्प्राझोलामला 10 मि.ग्रॅ. डायझेपाम धरतात, म्हणजे तुमचा डोस 15 च्या आसपास. डायझेपामची 2 मि.ग्रॅ.ची गोळी मिळते, तिची अर्धी 1. पंधरातला एक, हा तुकडा झेपणारा आहे. पण ही बदली घरी वहीवर करू नका. हे कोष्टक प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही, आणि वय, यकृताची तब्येत, बाकीची औषधं पाहून डॉक्टर आकडा बदलतात. काहींना बदली न करता आहे त्याच गोळीवर उतरवणंच बरं पडतं. "एसआर" लिहिलेली गोळी असेल तर तिचे तुकडे अजिबात करायचे नाहीत. ती हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते, मोडली की सगळं औषध एकदम सुटतं.

तेव्हा पहिलं काम, सध्याचा डोस रोज त्याच वेळेला, न चुकवता घ्या. मधेच एक दिवस सोडणं, मग दोन घेणं, हे थांबवा. दुसरं, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा, किंवा तुमच्या माहितीच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जाताना रिकामी पाकिटं, जुनी चिठ्ठी आणि इतर सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. इतर गोळ्यांचा आग्रह का, ते सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात मांड्यांत, कमरेला नायटा होतो आणि त्यावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. ती कॅप्सूल अल्प्राझोलामचं शरीरातलं विघटन रोखते. ही दोन औषधं एकत्र देऊच नयेत. दिली तर गुंगी चढते, आणि कोर्स संपला की रक्तातली पातळी घसरते, न ठरवता डोस कमी केल्यासारखा त्रास होतो. बिड्या वळणाऱ्या बायकांना पाठ-मानेचं दुखणं ठरलेलं. त्यावरच्या गोळीत ट्रामाडॉल असेल किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन असेल, तर तेही सांगा. या गोळीसोबत ती श्वास मंदावू शकतात. दारूचंही तसंच. तुम्ही घेत नसाल, पण हे पान बरेच जण वाचतात.

डॉक्टर कदाचित मूळ घाबरटपणासाठी एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या गटातलं औषध आधी सुरू करतील. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, म्हणून ते बसल्यावरच अल्प्राझोलामला हात लावतात. याची तशी ओढ लागत नाही, मात्र तेही मनानं बंद करायचं नसतं. आणि समुपदेशन मिळालं तर सोडू नका. धडधड सुरू झाली की "आता हार्ट अ‍ॅटॅक" हा जो विचार लगेच येतो, त्याच्याशी कसं वागायचं ते तिथे शिकवतात. गोळी सोडताना त्याचा उपयोग होतोच, गोळी सुटल्यावर जास्त होतो.

सुरुवात कधी करायची? मला विचाराल तर सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये नाही. पारा चाळिशीच्या वर, रात्री भिंती तापलेल्या, त्यात पाणी सुटलं की मध्यरात्री उठून भरायचं. सगळं गाव जागं असताना तुमची झोप उष्म्यानं गेली की डोस कमी केल्यानं, हे कळणार कसं? मृगाचा पाऊस पडू द्या. तोवर डॉक्टरांशी ओळख आणि डोस दोन्ही स्थिर होतील. लग्नकार्य, मुलाची परीक्षा, घरातलं आजारपण असेल त्या आठवड्यात पायरी उतरायची नाही, आहे तिथेच थांबायचं. थांबणं चालतं. दर वेळी मागे जाऊन पुन्हा डोस वाढवणं मात्र टाळा, आणि त्रास असह्य झाला तर ते डॉक्टरांना ठरवू द्या. सगळ्याला मिळून सहा महिने लागोत की वर्षाच्या वर जावो, मला त्यात फरक वाटत नाही.

एक वही ठेवा. तारीख, डोस, झोप, आणि त्या दिवशी किती बिड्या झाल्या. थरथर किती आहे, हे तुमच्या हजाराच्या हिशेबात जितकं नेमकं दिसेल तितकं माझ्या तपासणीत दिसणार नाही. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच त्रास आला, त्यात आवाज-उजेड टोचणं, मुंग्या, स्नायू फडफडणं अशी नवी लक्षणं असली आणि दिवसागणिक ते ओसरत गेलं, तर तो बहुधा डोस कमी केल्याचा त्रास आहे. तेच जुने विचार, तीच मरणाची भीती आठवडेच्या आठवडे वाढत राहिली, तर मूळ आजार डोकं काढतोय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून वही न्या.

फिट आली, काही भलतंच दिसू-ऐकू लागलं, जीव नकोसा वाटला, तर वाट पाहू नका : 108 ला फोन करून थेट हॉस्पिटल. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर 14416 ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : मी 29 वर्षांचा, जुळे सोलापूरचा, नोकरी पुण्यात. मोठ्या मीटिंगच्या आधी मित्राच्या पाकिटातली एटिझोलाम घेतो. महिन्यातून एखाद्या वेळी. मलाही हळूहळू सोडावी लागेल का?

उत्तर : नाही. एटिझोलामही याच प्रकारची गोळी आहे, पण एवढ्या तुरळक गोळीची शरीराला सवय होत नाही, उद्यापासून घेतली नाहीत तरी काही होणार नाही. तुम्ही लिहिलेला आकडा खरा असेल, असं धरून हे सांगते आहे! ज्या दिवशी घेतली त्या दिवशी गाडी चालवू नका आणि संध्याकाळी मित्रांसोबत "बसू" नका. चारचौघांत बोलण्याची भीती ही नीट बरी होणारी गोष्ट आहे. पुण्यात मानसशास्त्रज्ञांची कमतरता नाही. मित्राचं पाकीट मित्राला परत करा, आणि तो स्वतः रोज घेत असेल तर वरचं उत्तर त्याला वाचायला द्या.

प्रश्न : आईचं वय 76. पंधरा वर्षं झोपेसाठी क्लोनाझेपाम 0.5 घेते. दिवाळीत रात्री बाथरूमला जाताना पडली. सांगितलं तर ऐकणार नाही, म्हणून तिच्या नकळत त्या पाकिटात व्हिटॅमिनच्या गोळ्या ठेवाव्यात असं मनात आहे. – मुलगा, अक्कलकोट

उत्तर : असलं काही करू नका. पंधरा वर्षांची गोळी नकळत काढून घेणं म्हणजे "एकदम बंद"च, वर त्रास कशानं होतोय हे आईंनाही कळणार नाही. बाकी तुमचं निदान बरोबर आहे : या वयात ही गोळी तोल घालवते, स्मरण मंद करते, खुब्याचं हाड मोडण्याची शक्यता वाढवते.

"ऐकणार नाही" हे कशावरून? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या 65 च्या पुढच्या लोकांना साध्या भाषेतली एक पुस्तिका दिली : गोळीचे धोके, आणि ती सावकाश कशी उतरवायची याचं चित्रांचं कोष्टक. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या 27 टक्के लोकांची गोळी पूर्ण बंद झाली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं. म्हाताऱ्या माणसांना विश्वासात घेतलं तर ती विचार करतात. पडल्याची भीती आईंनाही असणार, बोलणं तिथून सुरू करा. तोवर बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा आणि धरायला दांडा.

आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी पंधरा वर्षांपूर्वीची फाइल शोधा. क्लोनाझेपाम फिटसाठीही देतात. तेव्हा ती खरंच झोपेसाठी दिली होती की आणखी कशासाठी, हे घरात आज कुणालाच आठवत नसेल, तर फाइल हाती लागेपर्यंत एक कणही कमी करू नका.