सांगलीत गाणं ऐकायचंय? आधी नाट्यगृहाबाहेरचा बोर्ड वाचा

ताई, तुम्ही विचारलंय की पुण्याहून बदली होऊन सांगलीत येऊन तीन महिने झाले, तिकिटाच्या ॲपवर सांगली टाकलं की नुसते सिनेमेच दिसतात, तर भावे नाट्यमंदिरात पुढच्या दोन महिन्यांत गाण्याचे काय काय कार्यक्रम आहेत याची यादी कुणाकडं आहे का. यादी कुणाकडंच नसते हो. मी तीस वर्षं इथं गाणं ऐकतोय, त्यातली सहा-सात वर्षं कार्यक्रम भरवायचाही उद्योग केला (हात पोळून सोडला, ते पुढं सांगतो), पण एका जागी सगळं लिहून ठेवलेलं आजपर्यंत बघितलं नाही. कार्यक्रम मात्र भरपूर असतात. फक्त ते शोधायची इथली पद्धत वेगळी आहे.

सगळ्यात पहिलं म्हणजे नाट्यगृहाच्या बाहेरचा बोर्ड. आठवड्यातनं एकदा ऑफिसवरनं येताना तिकडनं गाडी काढायची आणि बोर्ड बघायचा, बास. शनिवार-रविवारच्या तारखा बहुतेक मुंबई-पुण्याची नाटकं आधीच धरून ठेवतात, त्यामुळं गाण्याच्या वाट्याला मधलेच वार येतात, बुधवार-गुरुवार, नाहीतर रविवारची सकाळ. तुम्ही फक्त वीकेंडला शोधत असाल तर सापडणारच नाही. बुकिंगच्या खिडकीवरच्या माणसाशी ओळख करून घ्या, कुठल्या तारखा कुणी धरल्यात हे पेपरात जाहिरात यायच्या आधी पंधरा दिवस त्याला माहीत असतं. भावे नाट्यमंदिरासारखंच दीनानाथ नाट्यगृहाचं आणि मिरजेच्या बालगंधर्व नाट्यमंदिराचं. मिरजेला जायचा कंटाळा करू नका, गाण्याच्या बाबतीत सांगलीपेक्षा मिरज कायम एक पाऊल पुढंच आहे, आम्ही सांगलीकर हे कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी. आम्ही १८४३ साली सांगलीत झालेल्या पहिल्या मराठी नाटकावर, विष्णुदास भाव्यांच्या सीता स्वयंवरावर, अजून मिशीला पीळ देतो, पण गाणं मिरजेचंच.

आणि मिरजेवरनं दुसरी युक्ती. सतारमेकर गल्लीत जा. सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांची दुकानं आहेत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ती बातमी वाचली असेल. आता गंमत बघा, या भागात गायला येणारा कलाकार बऱ्याचदा येता-जाता आपला तंबोरा जवारी काढायला (घोडी घासून तारांचा झंकार नीट करायला) इथंच टाकतो, त्यामुळं कोण कधी येणार आणि कुठं गाणार हे त्या कारागिरांना पोस्टर छापायच्या आधीच कळतं. काहीतरी विकत घ्यायला आलोय असं सोंग करू नका, सरळ सांगा गाणं ऐकायला आवडतं, तंबोऱ्याचा भोपळा कसा वाळवतात ते दाखवा म्हणा, मग तासभर तुम्हाला उठू देत नाहीत. मला आजवरच्या सगळ्यात चांगल्या तीन-चार घरगुती बैठकांचा पत्ता तिथंच लागला. शास्त्रीय गाणं मोठ्या नाट्यगृहात फार होत नाही, पन्नास-साठ माणसांच्या हॉलमध्ये नाहीतर कुणाच्या तरी घरी माडीवर होतं, आणि ऐकायला तेच बरं.

आता पोस्टर. हे जरा सविस्तर सांगतो कारण नवीन माणूस इथंच फसतो. पोस्टरवर मोठ्या अक्षरात ‘सदाबहार गीतांचा लाइव्ह कार्यक्रम’ असतं, खाली गाणाऱ्यांचे बारा फोटो, सगळे कोट घातलेले, आणि वादकांची नावं कुठंच नाहीत. याचा अर्थ कार्यक्रम ट्रॅकवर आहे, आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांवर. कराओके. गाणारे म्हणजे रिटायर्ड बँकवाले, डॉक्टर, एखादे वकीलसाहेब, सगळे हौशी, प्रवेश फुकट, आणि प्रत्येकजण दोन दोन गाणी म्हणणार म्हणजे म्हणणारच. वाईट काही नाही त्यात, माझे साडूच आहेत त्यातल्या एका ग्रुपमध्ये, पण तुम्ही ढोलकीचा ठेका ऐकायला म्हणून जाल आणि लॅपटॉपवाला पोरगा स्पेस बार दाबताना बघून परत याल. वादकांसह खरा कार्यक्रम असला की पोस्टरवर खाली बारीक अक्षरात का होईना कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक-तबला, गिटार अशी साथीदारांची नावं असतात. ती ओळ पहिली वाचायची, फोटो नंतर. नाट्यसंगीत असेल तर ऑर्गनला कोण ते बघा. ऑर्गन खरा आहे का कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावलाय एवढं नुसतं फोन करून विचारलं तरी आयोजकाला कळतं की पलीकडं ऐकणारं माणूस आहे, आणि मग तो नीट बोलतो.

सीझनचंही एक गणित आहे. पुण्यात वर्षभर काही ना काही चालू असतं, इथं तसं नाही, इथं गाणं पावसावर आणि उसाच्या बिलावर चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये शहाणा माणूस कार्यक्रम धरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचा भक्तिगीतांचा कार्यक्रम होता, पोस्टरं लागलेली, आणि त्या आठवड्यात मारुती चौकात बोटी फिरत होत्या. तेव्हापासून पावसाळ्यात कुणी तारीख विचारली की आम्ही आधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारतो. चैत्र-वैशाखात उलटी तऱ्हा, तेव्हा गावोगावच्या जत्रा असतात, आणि आपले चांगले ढोलकवाले, ऑक्टोपॅडवाले सगळे जत्रेच्या ऑर्केस्ट्राला गेलेले असतात, तिथं पैसे जास्त आणि रोख. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये शहरात उरतात ते बहुतेक ट्रॅकवाले. तेव्हा तुम्ही नाट्यगृहाचा नाद सोडून सरळ एखाद्या जत्रेला जा, लावणीचा ठेका तिथं ऐका. लावणीचे शाहीर पठ्ठे बापूराव वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे, म्हणजे हा मालही आपल्याच जिल्ह्याचा आहे, नुसतं शास्त्रीय शास्त्रीय करून चालत नाही.

म्हणजे खरा मोसम आता सुरू होतोय. गणपती झाले, आता नवरात्र. मिरजेला अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव असतो, रोज संध्याकाळी, बाहेरचे कलाकार येतात, तिकीट नाही. ऑफिस सुटलं की सरळ तिकडं जायचं. एकच सांगतो, उघड्यावरच्या कार्यक्रमाला दहाची मर्यादा असते, स्पीकरचा नियम, ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळं मुख्य कलाकार साडेआठला बसला की त्याला दीड तास मिळतो, आणि मध्यरात्रीचे राग ऐकायचे दिवस आता गेल्यातच जमा आहेत. मी तर पावणेदहाला घाईघाईत उरकलेला दरबारी, म्हणजे खरा मध्यरात्रीचा राग, ऐकलाय, घड्याळाकडं बघत. बंद नाट्यगृहाला तो नियम तसा लागत नाही पण तिथला स्टाफ दहा वाजले की किल्ल्या वाजवायला लागतो, म्हणजे एकूण तेच.

मग कोजागरी. गच्चीवरचे, सोसायट्यांचे, मंडळांचे कार्यक्रम, दूध प्या, दोन गाणी ऐका, त्यातनं फार अपेक्षा ठेवू नका.

पण कोजागरीनंतर पाचव्या दिवशी, म्हणजे अश्विन वद्य पंचमीला, औंध. आपलं सातारा जिल्ह्यातलं औंध, खटाव तालुक्यात, यमाईचं. इथला संगीत महोत्सव गवई अंतुबुवा जोशींनी १९४० साली आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या नावानं सुरू केला, नंतर त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला, आणि अजून चालू आहे. गाव केवढं, तर हाताच्या तळव्याएवढं, आणि तिथं भारतभरचे गवई येऊन गातात आणि प्रवेशाला एक रुपया नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक म्हातारबाबा बसलेले, डोक्याला पटका, पायाशी पिशवीत मेथीच्या पेंढ्या, बाजार करून आलेले. विलंबित चालू होतं आणि बाबा डोळे मिटून समेवर बरोबर मान टाकत होते, एकदाही चुकले नाहीत. मी दोनदा चुकलो. पुण्यामुंबईच्या मोठ्या महोत्सवात खुर्चीवर बसून सामोसा खाणारे बघितले की मला ते बाबा आठवतात. तर औंध चुकवू नका. स्वतःची गाडी हवी मात्र, रहिमतपूरला रेल्वे स्टेशन आहे पण रात्री परतायची पंचाईत होते. कराडवरनं रहिमतपूर करून जा, दिवसा लवकर पोचलात तर औंधच्या राजांचं, पंतप्रतिनिधींचं संग्रहालयही बघून होतं.

त्यानंतर दिवाळी पहाट, गल्लोगल्ली, पहाटे साडेपाचला. इथं सल्ला एवढाच की नगरसेवकाचा फोटो जितका मोठा तितकं गाणं कमी. आणि ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन, भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे गौरव पदक देतात, तो समारंभ सांगलीत राहून एकदा तरी बघायचा. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाची तारीख चंद्रावर असते, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, ती मिरजेत कुणालाही विचारा. दर्ग्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, १९३७ साली ते गेले, आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गवई येऊन हजेरी लावतात. मानधनासाठी आलेलं गाणं आणि हजेरी लावायला आलेलं गाणं यातला फरक कानाला कळतो, मला तरी कळतो.

आता तिकिटाचं. इथं तुम्हाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणेल, तिकीट काय काढताय ताई, पास देतो की. घेऊ नका. माझा हात पोळला तो यातच. आम्ही चार मित्रांनी नाट्यसंगीताचा कार्यक्रम धरला होता, तिकीट दोनशे, खरा ऑर्गन बाहेरगावाहून भाड्यानं आणला, टेंपोवाल्यानं दोर न बांधता आणला आणि वाटेत भाता फाटला. पेटीवर निभावलं, गाणारे समजूतदार होते. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. विकली गेली एकशे चाळीस तिकिटं, आणि पाससाठी फोन आले तीनशेच्या वर, त्यात असेही लोक की ज्यांच्या एका गाडीच्या टायरच्या पैशात आमची अख्खी आघाडीची रांग आली असती. वर त्यातले निम्मे आलेच नाहीत, खुर्च्या रिकाम्या. घरातनं अठरा हजार घातले आणि पुढं कार्यक्रम धरणं बंद केलं. कुणी दरबारातलं गाणं तिकीट लावून लोकांपुढं आणलं म्हटलं की पहिलं नाव विष्णु दिगंबर पलुस्करांचं निघतं, आणि ते शिकले कुठं, तर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं. औंधचे अंतुबुवाही गाण्यात त्याच बाळकृष्णबुवांचे शिष्य. एका शिष्यानं तिकीट लावलं, दुसऱ्यानं फुकट महोत्सव घातला, दोन्ही खरं. पण फुकट त्याचं फुकट ऐकावं आणि तिकिटाचं तिकीट काढून ऐकावं, तिसरा पासचा जो प्रकार आपण काढलाय तो त्या दोघांच्याही घराण्यात बसत नाही.

जागा निवडताना पहिल्या दोन-तीन रांगा सोडा, एक तर त्या मान्यवरांसाठी सोफे टाकून अडवलेल्या असतात आणि दुसरं म्हणजे बाजूचे स्पीकर थेट कानात. मधल्या रांगांत, साउंडवाल्याच्या मिक्सरच्या पुढं दोन-तीन रांगा, तिथं बसा, तो जे ऐकून आवाज लावतो तेच तुम्हाला ऐकू येतं. बाल्कनी उन्हाळ्यात नको. वेळ सहाची छापली असेल तर साडेसहाला पोचा, दीपप्रज्वलन, सत्कार, शाल, श्रीफळ, निवेदकाच्या शेरोशायरीत पावणेसात कुठं गेले कळत नाही. पण शास्त्रीय बैठक असेल तर मात्र वेळेवर, तिथं सहा म्हणजे सहा, आणि मधेच आत शिरलात तर सगळी माडी वळून बघते. मध्यंतरात बाहेर भडंग मिळतं, कागदाचा पुडा आत नेऊ नका, त्याचा आवाज तानपुऱ्यापेक्षा मोठा असतो.

औंधला यंदा आम्ही तिघं जातोय, दुपारी विश्रामबागेतनं निघू. गाडीत मागं एक जागा मोकळी आहे, तुम्ही आणि घरचं कुणी येणार असाल तर आठ दिवस आधी कळवा, मग दुसरी गाडी काढू. बसायला पातळ चादर आणि स्वेटर घ्या, रात्री तिथं चांगलीच थंडी पडते.