वादळात फुटलेला मानकुराद: करवत हातात घेण्याआधी

तुम्ही गोव्यातल्या डिचोलीहून विचारलंय की गेल्या आठवड्याच्या वादळात परसातल्या पंचवीस वर्षांच्या मानकुराद आंब्याची मोठी फांदी फुटली, पडता पडता खोडाची हातभर साल सोलून गेली आणि झाड घराच्या उलट बाजूला थोडं कललं. शेजारी म्हणतात बुडातून तोडून टाका. सासूबाई म्हणतात, माझ्या हातचं झाड आहे, तोडायचं नाही. मी सासूबाईंच्या बाजूचा आहे, पण आधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली गोष्ट मुळांची. झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या उलट बाजूची जमीन नीट बघा. माती उचलली गेलीय का? भेग पडलीय का? वारा आला की ती भेग उघडते-मिटते का? आपल्याकडे वरची माती हात-दोन हात आणि खाली जांभा, त्यामुळे मुळं खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात आणि पावसाने माती मऊ झाली की एका बाजूची पकड सुटते. खोडावर एका जागी चुन्याचा ठिपका द्या, तिथून गवंड्याचा ओळंबा सोडा, तो जिथे टेकतो तिथे खुंटी मारा. दर रविवारी पुन्हा सोडून बघा. महिनाभरात ओळंबा खुंटीवरून हलला नाही, तर झाड आहे तिथे धरून आहे. बोटभर जरी सरकला तरी झाड अजून जातंय असं समजा. दुसरी गोष्ट खोडाची: आरपार चीर गेली आहे का, बुडाला अळंबी फुटलीय का, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजतं का. यातलं काही दिसलं आणि झाडाच्या टप्प्यात घर किंवा रस्ता असेल, तर मायेपोटी थांबू नका. मात्र तोडायचं ठरलंच तर आपल्याकडे 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, झाड स्वतःच्या परसातलं असलं तरी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

वर एखादी फांदी लोंबकळत असेल तर तिच्याखाली कुणाला जाऊ देऊ नका. विजेच्या तारेला टेकली असेल तर वीज खात्याची माणसं येईपर्यंत हातही लावू नका.

आता फुटलेल्या फांदीविषयी, कारण झाड पुढे जगणार की कुजणार ते इथे ठरतं. फांदी खोडातून जिथे निघते तिथे साल थोडी फुगलेली असते, सुरकुत्यांची वळकटी असते. अंगठा फिरवला की कळते. ही वळकटी खोडाची असते, फांदीची नव्हे, आणि जखमेवर नवी साल तिथूनच येते. काप वळकटीच्या अगदी बाहेर घ्यायचा. खोडाला सपाट करायला गेलात तर वळकटीच जाते, आणि वीतभर खुंट ठेवलात तर तो वाळून कुज आत नेतो. जड फांदी एका कापात काढू नका. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा कापा, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून वजन उतरवा आणि शेवटी उरलेला खुंट वळकटीजवळ काढा. खालचा काप न घेता वरून करवत चालवली की फांदी वजनाने मोडते आणि आणखी साल ओढून नेते. तुमच्याकडे जे वाऱ्याने केलं तेच माणूस करवतीने करतो.

सोललेली साल आठवड्यात सुकली असणार, ती आता चिकटणार नाही. धारदार चाकूने कडेची लोंबणारी, सुटलेली साल लाकडाला घट्ट असलेल्या सालीपर्यंतच काढा. कड गुळगुळीत करा, पण जखम मोठी करू नका आणि आतलं लाकूड खरवडू नका.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या फोंड्याच्या घरच्या आंब्याची अशीच फांदी गेली. मी घाईघाईत काप खोडाला सपाट घेतला आणि वर डांबर फासलं, कारण वडील तसंच करायचे. दोन पावसाळ्यांनी डांबर एका कडेला सुटलं, बोट घातलं तर आत ओला भुसा. त्याच झाडाला वरच्या बाजूला एक काप योग्य जागी पडला होता, त्यावर काहीच लावलं नव्हतं. तिथे आज चहूबाजूंनी बोटाएवढी जाड गोल कड आलीय आणि मधे नाण्याएवढी जागा उरलीय. एकाच झाडावर दोन्ही बघितल्यावर मी डांबर सोडलं.

याचं कारण अमेरिकी वन खात्यातले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं आहे. आपलं मांस भरून येतं तसं झाडाचं जखमी लाकूड भरून येत नाही. झाड त्याला आतून भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नव्या लाकडाने झाकतं. डांबराखाली ओल अडकते आणि बुरशीचं फावतं. आपल्याकडे मात्र तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून पावसाच्या तोंडावर झालेल्या जखमेला मी बोर्डो पेस्ट लावतो. सुपारीची बाग असलेल्यांच्या घरी हे सामान असतंच. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम चुना अर्धा लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं विरघळवा आणि मग एकत्र करा. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. कोरड्या दिवशी ब्रशने लावा. बुरशी काही काळ लांब राहते, तेवढंच त्याचं काम. जखम झाड स्वतःच झाकतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते खोडकिड्याला. फुटलेल्या, चिरलेल्या सालीत भुंगेरा अंडी घालतो आणि अळी आत पोखरत जाते. पावसाळ्यानंतर दर पंधरा दिवसांनी खोडाभोवती बसून बघा. सालीच्या भेगेतून भुसा पडत असेल, चिकाचा काळपट ओघळ असेल, तर तिथे भोक सापडतं. सायकलचा स्पोक टोकाला वाकवून आत घाला, अळी ओढून काढा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस कोंबा आणि चिखलाने भोक बंद करा. उशीर झाला तर मोठा आंबाही दोन वर्षांत वाळतो.

कललेलं झाड जेसीबीने ओढून सरळ करू देऊ नका. तीन-चार वर्षांचं कलम असतं तर मुळं ओली ठेवून उभं करता आलं असतं. पंचवीस वर्षांच्या झाडाची धरलेली मुळंही ओढताना तुटतात. वाकडं झाड वाकडंच वाढू द्या. उघडी पडलेली मुळं आधीच्या पातळीपर्यंत मातीने झाका, खोडाभोवती ढीग करू नका, बुडाची साल कुजते. त्यावर पालापाचोळा आणि नारळाची सोडणं पसरा, खोडापासून वीतभर दूर. परसाचं पाणी तिथे तुंबत असेल तर या आठवड्यातच चर काढा.

बाकी फांद्या तोल सांभाळायला म्हणून छाटू नका. हिरवी पानं म्हणजे त्याचं अन्न, आणि मुळं गमावलेल्या झाडाला ते आता जास्त लागतं. मोडलेलं तेवढं काढा. यंदा खतही नको, आणि कुणी मोहरासाठी कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं औषध) घालायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. ऑक्टोबरात ऊन तापू लागलं की सावली गेलेल्या बाजूच्या खोडाला चुन्याचा हात द्या, नाहीतर तिथली साल भाजून तडकते. एरवी आपण मोठ्या आंब्याला पाणी घालत नाही, पण येत्या जानेवारीपासून पावसापर्यंत आठवड्यातून एकदा घाला, बुडाशी न घालता फांद्यांच्या टोकांखाली.

कापाजवळ तांबूस कोवळ्या फुटव्यांचा झुपका येईल. वर्षभर सगळे राहू द्या. दुसऱ्या वर्षी दोन-तीन नीट जागचे ठेवून बाकीचे काढा, कारण ते वरच्या थरालाच धरलेले असतात आणि सगळेच जाड झाले तर पुढच्या वाऱ्याला तेच आधी तुटतात. पहिल्या वर्षी आंबे कमी लागले किंवा लागलेच नाहीत तर सासूबाईंना सांगा की झाड मुळं बांधतंय.

खुंटी आजच मारा. आणि फुटलेल्या फांदीच्या बुडाचा, वळकटी दिसेल असा जवळून फोटो काढून पाठवा, करवत कुठे लावायची ते मी त्यावर रेघ ओढून सांगतो.