कापडी डायपर, ‘बांबूचे’ डायपर आणि लंगोट: पर्यावरणाचा खरा हिशेब

आपण पुण्यातून, चार महिन्यांच्या बाळासाठी, तीन गोष्टी विचारल्या आहेत: धुण्यात जाणारे पाणी आणि वीज पाहता कापडी डायपर खरोखरच बरे ठरतात का, ‘बांबूचे’ म्हणून विकले जाणारे डायपर घ्यावेत का, आणि सासूबाई म्हणतात तसे सरळ लंगोटावर यावे का. माझ्या मते तिसऱ्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे.

धुण्याबद्दलची शंका रास्त आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये मांडलेल्या हिशेबात पहिल्या अडीच वर्षांसाठी फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो, तर कापडी डायपरमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन धरले होते, आणि ‘दोन्ही सारखेच’ हा आजही ऐकू येणारा युक्तिवाद बहुधा तिथूनच आला आहे. मात्र त्याच अहवालात हेही होते की कपडे दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावले आणि तेच डायपर दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडी पर्यायाचे उत्सर्जन सुमारे २०० किलोने घटते. तिथल्याच सरकारच्या २०२३ च्या नव्या अभ्यासात उत्सर्जनाच्या बाबतीत कापडी डायपर सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले. आपल्याकडे ड्रायर क्वचितच असतो, पाणी सहसा तापवले जात नाही आणि ऊन फुकट मिळते, त्यामुळे हा हिशेब इथे कापडाकडे अधिकच झुकतो.

‘बांबू’ या लेबलवर मात्र भाळू नये. एखादे कोरे डायपर कात्रीने उघडून पाहा. वरचा मऊ थर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असतो, बाहेरची न गळणारी बाजू पॉलिथिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची असते, आणि मधला कापसासारखा दिसणारा भाग कापूस नसून लाकडाचा लगदा असतो, ज्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट या पाणी शोषणाऱ्या रसायनाचे साखरेसारखे कण मिसळलेले असतात. त्यावर पेलाभर पाणी ओतले की ते कण भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. बांबूच्या डायपरात बरेचदा केवळ अंगाला लागणारा थर बदललेला असतो आणि आतले कण तेच असतात. ‘डायपर कुजायला ५०० वर्षे लागतात’ हे वाक्यही जपून वापरावे, कारण फेकायचे डायपर घरोघरी पोहोचायला सुरुवात झाली तीच १९६० च्या दशकात, म्हणजे तो आकडा केवळ अंदाज आहे.

मला त्याहून जवळचा वाटणारा प्रश्न कचरा वेचणाऱ्यांच्या हातांचा आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी उत्पादकांना विल्हेवाटीसाठी पिशवी द्यायला सांगितले, आणि आपल्याला डायपर नीट गुंडाळून तेव्हा सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितले होते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला, तो वर्गीकरण करणाऱ्या बाईला पुडके उघडावे लागू नये म्हणून. डायपर कुठल्याही कंपनीचे असो, आधी शी संडासात टाकावी आणि मगच ते गुंडाळावे. हे फारच थोड्या घरांत होते.

आता लंगोट. दिवसा घरी असताना जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे लंगोट आणि खाली दुपटे याहून कमी कचऱ्याचा पर्याय मला माहीत नाही. बाजारातल्या कापडी डायपरच्या न गळणाऱ्या कव्हरमध्येही पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकच, असते. शिवाय बाळ उठल्यावर किंवा दूध पिऊन झाल्यावर पायांवर धरून ‘शू शू’ करण्याची सासूबाईंची पद्धत जमली, तर लंगोटही कमी भिजतात. बाहेर जाताना कापडी डायपर आणि रात्री, झोप मोडत असेल तर, एखादे फेकायचे डायपर वापरावे. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही, कारण फरक पडतो तो एकूण संख्येने.

धुताना लंगोट आधी थंड पाण्यात खळबळून घ्यावेत आणि मग घरच्या इतर कपड्यांबरोबर बेताच्या पावडरीत धुवावेत. कपडे मऊ करणारे द्रावण टाळावे, कारण त्याने कापडाची शोषणक्षमता कमी होते. पावसाळ्यात जाड, शिवलेले पॅड दोन-दोन दिवस दमट राहतात, तर एकपदरी लंगोट पंख्याखाली रात्रीत वाळतो. म्हणून खरेदी करताना घडी उलगडता येईल असेच पॅड निवडावेत.